मागच्या दोन चकत्या आणि सांगलीची गाडी

प्रिय सुभेदार हंबीरराव,

कोरेगावहून नियाज टेलरचा सलाम आणि रामराम, दोन्ही एकाच पाकिटात पाठवत आहे; तुला हवा तो आधी काढून घे. तुझा गुडघा कसा आहे? चंद्रावहिनींची साखर उतरली का, की त्या अजून लपून गूळ खातात? (सांगलीत राहून गूळ खाऊ नका म्हणणं म्हणजे नदीत उभं करून पाय भिजवू नका म्हणण्यासारखंच आहे.) चिरंजीव शिवतेजचं हळदीचं दुकान जोरात असेलच. त्याच्या घरात राहून तुझ्या कपड्यांनाही आता हळदीचा वास येत असेल. या वयात पुन्हा हळद लागली म्हणजे नशीबवान आहेस. माझं म्हणशील तर मी खाऊनपिऊन सुखी आहे. जेवायला एकटाच असल्यामुळे भाकरीच्या वाटणीवरून भांडण होत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. तुझा फोन म्हणजे पलटणीचा रिपोर्ट. "समदं ठीक हाय. तुजं?" एवढं म्हणतोस आणि मी तोंड उघडेपर्यंत "बरं, ठिवतो" म्हणून मोकळा होतोस. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ साठलं आहे आणि ते अशा दोन शब्दांच्या फटीतून आत जात नाही. पत्राचं बरं असतं. ते मध्येच ठेवून देता येत नाही, आणि दिलंस तरी मला इथे कळत नाही.

दुकान आहे तसंच आहे. तू बसायचास ती लोखंडी खुर्चीही आहे. तू सांगलीला गेल्यावर पहिले काही दिवस गिऱ्हाईक येऊन त्या खुर्चीकडे बघून "सुभेदार आलं न्हाईत व्हय आज?" असं विचारायचं. मग विचारणं बंद झालं. आता लोक तिच्यावर पिशव्या ठेवतात. मला ते आवडत नाही, पण गिऱ्हाइकाला काय बोलणार? तू गेलास त्या दिवशी एस.टी.च्या खिडकीतून हात हलवलास, "जिवाला जप" म्हणालास, आणि गाडी गेली. आणखी काही म्हणाला नाहीस. बरं, असो. मुद्द्यावर येतो. मुद्दा सायकलीचा आहे.

आमची मदिहा मागे इंग्लंडहून आली होती, तेव्हा तिने माझ्यासाठी एक घडीची सायकल आणली. तू ती पाहिलेली नाहीस. अख्खी सायकल तीन ठिकाणी दुमडते आणि तिचं गाठोडं होतं. (इस्त्री करून घडी घातलेली पँट जेवढी नीट बसते तेवढीच नीट बसते. विलायतेत शिंपी लोकच सायकली करत असावेत.) मदिहा म्हणाली, "अब्बा, हंबीरकाका गेले म्हणून दुकानात तोंड पाडून बसू नका. ही घडी घाला, रेल्वेत बसा, सांगलीला उतरून उघडा आणि जा त्यांच्याकडे." पोरीला सगळं सोपं वाटतं. तिकडे लोक फोन करून, वेळ ठरवून एकमेकांकडे जातात, आणि मग चहा पिऊन वेळेवर परतही येतात.

सायकलीची चाकं आहेत टोपलीएवढी. पहिल्या दिवशी बाजारातून निघालो तर भाजी घ्यायला आलेली निम्मी बाजारपेठ माझ्या मागे बघत उभी. एकाने विचारलं, "आवं चाचा, धुतल्यावर आटली का काय ही?" दुसरा म्हणाला, "नातवाची घिऊन आलाय जणू." मला नातू नाही हे त्यालाही ठाऊक आहे, पण बाजारात बोलताना माणूस एवढा विचार करत नाही. मी मात्र ताठ मानेने चालवत राहिलो. खरं तर त्या सायकलीवर मान ताठच ठेवावी लागते, नाहीतर गुडघे हनुवटीला लागतात.

आता तिची रचना सांगतो, म्हणजे पुढची फजिती तुला नीट समजेल. मागच्या चाकाच्या मधोमध एक डबा आहे आणि गिअर त्या डब्याच्या पोटात असतात, बाहेरून काही दिसत नाही. डब्याच्या बाहेर दोन दातऱ्या चकत्या बसवलेल्या आहेत, एक लहान आणि एक मोठी. स्प्रॉकेट म्हणतात त्यांना. खटका दाबला की चेन एकीवरून दुसरीवर जाते. चकत्या जागच्या हलू नयेत म्हणून वरून एक तारेची कडी असते, बांगडी फुटून तिचा तुकडा पडावा तशी. तर झालं असं, की स्टेशनच्या रस्त्याला चढावर चेन सटकायला लागली. पाय मारला की कटक, पुन्हा मारला की कटक. मदिहाला फोनवर चकत्यांचे फोटो पाठवले. तिने नव्या चकत्या, नवी चेन आणि नवी कडी असं सगळं पाकीट पाठवून दिलं, आणि वर बजावलं की, अब्बा, स्वतः हात घालू नका, मेकॅनिकला द्या.

मी तिचं ऐकलं. मुलीचं ऐकत नाही असं कुणी म्हणू नये. सायकल घेऊन बिराप्पाच्या दुकानात गेलो. (बिराप्पा तुला आठवतच असेल, तुझ्या काळ्या सायकलीचं पंक्चर काढता काढता त्याने नवीन दोन पाडली होती.) बिराप्पाने सायकलीभोवती एक फेरी मारली, खाली बसून डब्याला कान लावला आणि उठून हात पुसले. म्हणाला, "चाचा, ह्येच्या पोटात काय हाय मला ठावं न्हाई. बाळंतपण अवघड दिसतंय. साताऱ्याला न्या." साताऱ्याला नेली तर तिथल्या दुकानदाराने फोटो काढला, मित्रांना पाठवला, आणि "सुट्टा माल मिळत नाही हो याचा" असं सांगितलं. माल माझ्या हातात पाकिटात होता. मी तो दाखवला, तेव्हा त्याला अचानक लग्नाला जायचं आठवलं.

मग मी ठरवलं की आपणच करायचं. आयुष्यभर शिलाई मशीन खोलत आलो आहे, शटल काय, बॉबिन काय, त्यापुढे सायकल म्हणजे काय मोठं? दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, कापायच्या टेबलावर पांढरं कापड पसरलं आणि सायकल पालथी घातली. डब्याच्या टोकातून पैंजणाच्या तुकड्यासारखी एक नाजूक साखळी बाहेर येते, ती आधी पिळून काढावी लागते. ती काढली. नट काढले, चाक काढलं. निघेल तसा एकेक भाग ओळीने कापडावर मांडत गेलो, तुझ्या पलटणीचं किट तपासायला मांडायचे तसा. इथवर सगळं इतकं झोकात झालं की मला बिराप्पाची कीव आली.

कडी मात्र निघेना. तिच्या फटीत काहीतरी टोकदार घालून उचकायचं होतं. पेचकस जाड. सुई मोडली. मग, हंबीर, मी माझ्या अब्बांची कात्री घेतली. तू ओळखतोस ती. त्या कात्रीने मी कधी कागद कापला नाही. मदिहाच्या अम्मीने, झुबेदाने, एकदा तिच्याने दोरी कापली तर मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नव्हतो. (आज ती असती तर माझ्याशी आठवडाभर बोलली नसती, आणि मी ते आनंदाने सोसलं असतं.) कात्रीचं टोक घातलं, जरा जोर दिला, आणि "टिंग" असा आवाज आला. कडी गेली. कुठे गेली ते सांगता येत नाही. गोळी सुटली की कुठे लागली हे तुम्हा फौजी लोकांना कळतं, आम्हाला कळत नाही.

टाचण्या वेचायचं लोहचुंबक घेऊन मी सगळं दुकान रांगत फिरलो. मशीनखाली, चिंध्यांच्या पोत्यात, तुझ्या खुर्चीखाली. तुझ्या खुर्चीखाली तुझी विड्याची जुनी डबी सापडली, ती पुसून गल्ल्यात ठेवली आहे. कडी सापडली नाही. घामाघूम होऊन बसलो, पाणी प्यालो, आणि तेव्हा लक्षात आलं की नवी कडी मदिहाच्या पाकिटात आहे आणि जुनीची आपल्याला मुळी गरजच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! हरवलेली कडी पुढे आपणहून आली. शालूबाई नवं ब्लाउज घेऊन दारात उभी. म्हणाली, "चाचा, ब्लाउजच्या पट्टीत लोखंड शिवलंया व्हय? बसलं की टोचतंय." मी गंभीरपणे म्हटलं, नव्या फॅशनमध्ये बसणी ताठ यावी म्हणून घालतात. तिचा विश्वास बसला. आता तिच्या जावेलाही तसंच पाहिजे आहे.

खरी चूक पुढे झाली, आणि ती चूक शिंप्याशिवाय जगात कुणाच्या हातून झाली नसती. दोन्ही चकत्या सपाट नाहीत. ताटलीसारखा किंचित खोलगटपणा आहे. म्हणजे त्यांना उलट आणि सुलट बाजू आहे. मी खडूने उलट बाजूवर फुली मारली, जशी कापडावर मारतो. आणि हात आपोआप कामाला लागले. तू इतकी वर्षं समोर बसून पाहिलं आहेस, आम्ही कपडा नेहमी उलट बाजू बाहेर ठेवून शिवतो. शर्ट असो की सुरवार, शेवटपर्यंत उलटाच असतो. सगळं जोडून झालं की मग हात घालून उलटवायचा, की सुलट बाजू बाहेर. मीही फुल्या बाहेर ठेवून दोन्ही चकत्या बसवल्या, वॉशर घातले, कडी चढवली, चेन ओढली, नट आवळले, आणि शेवटी चाक हातात धरून थबकलो. चाक उलटवायचं कसं?

इथे शहाण्या माणसाने पुन्हा सगळं खोललं असतं. पण मी म्हटलं, पोलाद आहे, पोलादाला काय कळतं उलट नि सुलट. सायकल उघडून स्टेशनच्या रस्त्याला लागलो. सपाटीवर ठीक चालली. चढाला खटका दाबला, चेन मोठ्या चकतीकडे निघाली, ती मिळाली नाही म्हणून मधल्या फटीत घुसली आणि तिथे पाचर मारल्यासारखी बसली. पायडल जागच्या जागी थांबलं. मी थांबलो नाही. रस्त्याकडेला कुणीतरी आल्याची पोती उतरवून ठेवली होती, त्यांत जाऊन पडलो. पोत्यावरचा मालक शांतपणे म्हणाला, "चाच्याला च्यासाठी आलं पायजे हुतं तर मागायचं की वो." मला लागलं काही नाही. फक्त त्या दिवसापासून मला आल्याचा चहा घेववत नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा.

सायकल हातात उचलून परत आणली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलली. दुपार कलल्यावरची अस्रची नमाज पढून मी बसलो होतो. हीच तुझी यायची वेळ. चाक मांडीवर, दोन्ही चकत्या या वेळी फुल्या आत ठेवून बसवल्या. कडी चढवायची तर एका हाताने चकत्या दाबून धराव्या लागतात आणि दुसऱ्या हाताने कडी फिरवावी लागते, म्हणजे पाना धरायला तिसरा हात पाहिजे. मी सवयीने हात मागे केला आणि म्हणालो, "दे रं." कापड कापताना मी असाच हात मागे करायचो आणि तू न बघता कापडाचं टोक हातात द्यायचास, आठवतं? सुभेदार माणूस, पण आयुष्यभर माझ्या कापडाचं टोक धरलंस. हात तसाच मागे राहिला. थोड्या वेळाने मी तो पुढे घेतला आणि पाना दातात धरून काम उरकलं. दात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.

शेवटी गिअरची तार जुळवायची होती. साखळीच्या दांडीला एक खांदा असतो आणि मधल्या गिअरला तो खांदा चाकाच्या आसाच्या टोकाशी बरोबर यावा लागतो. ते मात्र मी एका झटक्यात केलं. चुकीच्या खांद्याचं दुःख शिंप्याला सांगावं लागत नाही. आता सायकल अशी चालते की आवाज येत नाही. गिअर लोण्यासारखे पडतात. बिराप्पाने येऊन डब्याला पुन्हा कान लावला आणि म्हणाला, "बाळ-बाळंतीण सुखरूप." सायकल ठेवायला मी जाड तागाची पिशवीही शिवली आहे, दुहेरी शिलाईची, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की मशीनचं डोकं घेऊन चाललो आहे.

तर सांगायचं तात्पर्य, सायकल आता अगदी सांगलीपर्यंत येण्यालायक झाली आहे. मी येणार आहे असं नाही. माझ्याकडे लग्नसराईचं काम पडलं आहे, दुकान टाकून कुठे जाता येणार? शिवाय तुझ्या शेजाऱ्यांना टोपलीएवढ्या चाकांची सायकल बघून हसू येईल आणि शिवतेजला बाजारात तोंड दाखवायची चोरी होईल. आपण आपलं इथून सगळ्यांची खुशाली मागावी हे बरं. चंद्रावहिनींना सलाम सांग, शिवतेजला दुआ, आणि गुडघ्याला तेल लावत जा. रोज लावतो म्हणून सांगतोस आणि लावत नाहीस, ते मला इथे बसून कळतं.

तुझा,
नियाज

ता. क. तुझे शर्ट शिवायचे राहिले आहेत. पांढरं कापड घेऊन ठेवलं आहे. पण सांगलीच्या गुळाने तुझं माप नक्की बदललं असेल. शिवतेजला टेप धरायला सांगशील, तर सांगू नकोस. तो पोट आत ओढलेलं माप घेईल. माप मी स्वतः घेतल्याशिवाय कात्री लावणार नाही. (कात्री धार लावून आणली आहे. तिने मला माफ केलं असावं.)

ता. क. दुसरं. वर मी लिहिलं की चढावर चेन सटकायला लागली. ती एकदाच सटकली, आणि तेही माझ्या पायजम्याची नाडी तिच्यात गेली होती म्हणून. फोटो बघून मदिहाने सांगितलं होतं की, अब्बा, चकत्या चांगल्या आहेत, अजून पुष्कळ चालतील. पाठवच म्हणून मीच हट्ट धरला. तू यायचास त्या वेळेला हातांना काहीतरी काम पाहिजे होतं, दुसरं काही नाही. लग्नसराईचं कामही फारसं नाही. लोक आता तयार कपडे घेतात.

ता. क. तिसरं, आणि हे वहिनींना वाचून दाखवू नकोस. सायकल झाल्यावर मी तिला पिशवीत घालून सकाळी स्टेशनावर गेलो होतो. एकदा नव्हे, बऱ्याचदा. तिकीटसुद्धा काढतो. सांगलीची गाडी येते, दार माझ्यासमोर उघडं असतं, आणि मला वाटतं की तिकडे जाऊन दारात काय म्हणू? इथे तुझ्या घरी मी कधी विचारून आलो नाही. मागच्या दाराने येऊन झाकण उचलून बघायचो की आज काय शिजलंय. पण ते घर तुझं होतं. हे शिवतेजचं आहे. तू तिथे कोणाला 'ये' म्हणू शकतोस का, हे मला माहीत नाही, आणि मला वाटतं तुलाही अजून माहीत नसावं, म्हणून तर एस.टी.तून नुसतं "जिवाला जप" म्हणालास. मी रागावलेलो नाही. गाडी निघून जाते, मी सायकल उघडतो आणि घरी येतो. चकत्यांचं म्हणशील तर त्या रस्त्यावर त्यांची चांगली परीक्षा झाली.

तेव्हा एवढंच कर. शिवतेजला विचार. त्याचं मन मोडणार असेल तर राहू दे, मी इथे ठीक आहे आणि तू फोनवर "समदं ठीक हाय" म्हणत जा, मी तेवढ्यावर भागवीन. पण तो हो म्हणाला, तर फोन कर आणि तुझा तो रिपोर्ट न देता एकच शब्द म्हण. तेवढाही जड जात असेल, तर नुसती एक रिंग दे आणि ठेवून दे. ठेवून द्यायची तुला सवय आहेच. मी त्या रिंगला 'ये' समजेन. पिशवी दाराशीच ठेवली आहे.